सिरियमच्या क्षाराला पाणी सुटलं

गेल्या अंकात देवगडच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न जागेअभावी नुसता छापला होता, उत्तर पुढच्या वेळी देते असं म्हटलं होतं. तो वाचून त्याच धाग्याची आणखी काही पत्रं आली. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्यात मी चोवीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. त्यातला बराच काळ माझ्या टेबलावर सिरियम नायट्रेटच्या, म्हणजे सिरियम या धातूच्या एका क्षाराच्या, नमुन्यांच्या बाटल्या असायच्या. तेव्हा या वेळचं सदर त्या एका क्षारालाच देते.

प्रश्न, देवगडहून: मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचा प्रकल्प घेतला आहे. त्यासाठी कॉलेजने एप्रिलमध्ये सिरियम नायट्रेटची १०० ग्रॅमची बाटली मागवली. तेव्हा आत खडीसाखरेसारखे खडे होते. जूनच्या शेवटी बाटली उघडली तर तळाला पाक जमलेला. क्षार खराब झाला का? फेकून नवीन मागवायचा का? प्रयोगशाळेत याच नावाची एक नारिंगी बाटलीही आहे, ती चालेल का?

उत्तर: फेकू नकोस. क्षार बिघडलेला नाही, त्याला फक्त पाणी सुटलं आहे. मृग लागला की आपल्याकडे मिठाच्या बरणीचं जे होतं तेच, फक्त या क्षाराचं मिठाच्याही आधी होतं. सिरियम नायट्रेट बाजारात येतं तेच पाणी पोटात घेऊन. सिरियमच्या एका अणूमागे तीन नायट्रेट आणि पाण्याचे सहा रेणू. तुझ्या एप्रिलमधल्या कोरड्या खड्यांच्या वजनातही जवळजवळ चौथा हिस्सा पाणीच होतं. एवढं असून त्याची तहान भागत नाही. हवेतली वाफ ओढून घेत तो शेवटी स्वतःच त्या पाण्यात विरघळतो. देवगडच्या जूनमध्ये बाटलीचं झाकण अर्धा फेरा सैल राहिलं तरी पुरतं.

आमच्याकडे जुलैत हा नमुना तोलायला घेतला की तराजूचा शेवटचा आकडा थांबायचाच नाही. डोळ्यांदेखत चढत राहायचा. नवीन आलेली मुलं तराजू बिघडला म्हणून तक्रार करायची. तराजू ठणठणीत असायचा, क्षार पाणी पीत असायचा. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेव: हा क्षार पावसाळ्यात वजनावर मोजायचा नाही. एक शतांश मोल पाहिजे म्हणून तू ४.३४ ग्रॅम तोलशील, पण त्यात सिरियम किती आणि हवेतलं पाणी किती हे तुला कळणार नाही. पुढचं सगळं गणित तिथेच चुकलं.

मग करायचं काय? सगळा पाक आणि खडे ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळव, गाळून घे, एका घट्ट बुचाच्या बाटलीत भर. आता त्या द्रावणातलं सिरियम मोज. ईडीटीए या धातूला पकडणाऱ्या रसायनाचं अनुमापन, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून मोजणं, तुला येत असेलच. पीएच साडेपाच ते सहाच्या दरम्यान राहील इतपत हेक्झामिन घाल, झायलेनॉल ऑरेंजचे दोन थेंब टाक. द्रावण लालसर जांभळं होईल. ब्यूरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोड. जांभळा रंग जाऊन लिंबासारखा पिवळा झाला की थांब. ईडीटीएचा प्रत्येक मिलीलीटर म्हणजे ४.३४ मिलीग्रॅम सहा-पाणी असलेला सिरियम नायट्रेट. तीन वेळा कर आणि तिन्ही आकडे जुळले तरच पुढे जा. त्यानंतर वजन विसर, पिपेटने आकारमान मोजून काम कर. उत्प्रेरकाच्या कारखान्यांतही हा क्षार बऱ्याचदा खड्यांऐवजी द्रावणाच्या रूपातच घेतात, कॅरबॉय भरून.

ईडीटीएवर विश्वास नसेल तर दुसरी चाचणी आहे, मला ती जास्त आवडायची. मोजलेलं द्रावण क्रुसिबलमध्ये धूरपेटीत आटव आणि मग भट्टीत ८०० अंशांपर्यंत तापव. आधी क्षार आपल्याच पाण्यात वितळेल, मग तांबूस-तपकिरी धूर निघेल. तो नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी आहे, धूरपेटी चालू नसेल तर हे करूच नकोस. शेवटी फिकट पिवळसर पांढरी भुकटी उरेल, ती सिरियम ऑक्साइड. एक ग्रॅम कोरड्या शुद्ध खड्यांमागे ०.३९६ ग्रॅम भुकटी मिळते. भुकटी विटकरी किंवा तपकिरीकडे झुकली तर समज की सिरियमच्या भावंडांपैकी, म्हणजे त्याच्यासारख्याच वागणाऱ्या धातूंपैकी, प्रेसिओडिमियम आत राहिलं आहे. हे डोळ्यांना कळतं, त्याला यंत्र लागत नाही. आमच्या विभागप्रमुख बाई भुकटी खिडकीशी नेऊन पांढऱ्या कागदावर पसरायच्या आणि मगच अहवालावर सही करायच्या.

नारिंगी बाटलीचं मात्र ऐक. ती सेरिक अमोनियम नायट्रेटची आहे. अल्कोहोलच्या चाचणीत थेंब टाकला की लाल रंग येतो ती. नावात सिरियम आणि नायट्रेट दोन्ही असले तरी वस्तू वेगळी. तुझ्या पांढऱ्या क्षारातल्या सिरियमने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, नारिंगीतल्याने चार. तो चौथा इलेक्ट्रॉन परत मिळवायला ते टपलेलं असतं, म्हणून नारिंगी क्षार जबर ऑक्सिडीकारक आहे. काचेवरचा क्रोमियमचा पातळ थर कोरून काढायला इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगात तो वापरतात. तुझ्या प्रकल्पाला तो नको.

तीन आणि चार, या दोन आकड्यांमध्ये सिरियमची ये-जा चालते. तेवढं नीट समजून घेतलंस तर खालची बाकीची उत्तरंही तुला सोपी जातील.

प्रश्न, कुडाळ तालुक्यातून: आमच्या माळ्यावर आजोबांच्या दोन गॅसबत्त्या आहेत. मुलाला दशावतारात पूर्वी गॅसबत्ती कशी लावत ते दाखवायचं आहे. जुन्या मेंटलची, म्हणजे बत्तीत बांधायच्या कापडी जाळीची, दोन पाकिटंही सापडली. मेंटलमध्ये किरणोत्सारी पदार्थ असतो असं ऐकलं. खरं का? आणि कापडाची पिशवी जळून जात का नाही?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. माझे वडील गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्या पडवीत दहा-बारा बत्त्या ओळीने मांडलेल्या असायच्या. बाबा प्रत्येकीला पंप मारून बघायचे, पिन मारायचे, वॉशर तेलात भिजवायचे. मेंटल मात्र कुणाला बांधू द्यायचे नाहीत. जळून पांढऱ्या झालेल्या मेंटलकडे माझा हात गेला की म्हणायचे, "हात लावू नको गो बाय, मोडतला तो." तो का मोडतो हे मला कळलं वीस वर्षांनी, लोट्याच्या प्रयोगशाळेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. कापड जळतंच. पाकिटातली मऊ जाळी थोरियम नायट्रेट आणि थोड्या सिरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवलेली असते. क्षार पाण्यात विरघळलेला असल्यामुळे तो धाग्याच्या आतपर्यंत शिरतो. पहिल्यांदा काडी लावली की सूत जळून जातं, नायट्रेटमधला वायू उडून जातो आणि मागे उरतो ऑक्साइडचा सांगाडा, धाग्याच्याच आकाराचा. तुम्ही बघता ते कापड नसून कापडाचा ठसा असतो. म्हणून तो फुंकरीने ढासळतो, आणि म्हणूनच ज्योतीत टिकतो. थोरियम ऑक्साइड ३३०० अंशांच्याही पुढे वितळतं.

हा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखचा. १८८५ मध्ये त्याने पहिलं मेंटल केलं ते मॅग्नेशियम, लँथॅनम वगैरेंच्या ऑक्साइडचं. त्याचा उजेड हिरवट होता, लोकांना पसंत पडला नाही. १८९१ मध्ये त्याला योग्य प्रमाण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड. नुसतं थोरियम घेतलं तर बत्ती मिणमिणते. सिरियम एका टक्क्याच्या बरंच वर नेलं तरी उजेड कमी होतो. थोरियमचं ऑक्साइड तापतं पण आपली उष्णता फारशी फेकत नाही, आणि त्यात मिसळलेलं चिमूटभर सिरियम ती डोळ्यांना दिसेल अशा प्रकाशात देतं. रात्रभर चाललेल्या दशावताराचा सगळा उजेड त्या एका टक्क्याच्या जोरावर होता. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते.

आता किरणोत्साराचं. हो, खरं आहे. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य १४०० कोटी वर्षांचं, म्हणजे ते फार सावकाश विघटन पावतं. पेटलेल्या बत्तीपासून चार हात दूर बसून नाटक बघणाऱ्याला घाबरण्यासारखं काही नव्हतं. धोका असतो तो फुटलेल्या मेंटलची भुकटी नाकातोंडात जाण्याचा. बाबा जुनं मेंटल बोटाने झटकून वर फुंकर मारायचे. तसं करू नका. पुढे बऱ्याच उत्पादकांनी थोरियमऐवजी यिट्रियम वापरायला सुरुवात केली. तुमची माळ्यावरची पाकिटं मात्र जुनी आहेत, ती थोरियमची असं धरूनच चाला. मुलाला दाखवायला नवीन, थोरियम नसलेलं मेंटल घ्या. अंगणात लावा, पहिला धूर निघताना दूर उभे राहा. मेंटल मोडलं तर ओल्या फडक्याने टिपून फडकं पिशवीत बांधून टाका, आणि हात धुवा. जुनी पाकिटं न उघडता तशीच राहू द्या, पोरांच्या हाती देऊ नका.

प्रश्न, रत्नागिरीहून: मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू काळी आहे. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की तिच्यात दुर्मिळ मृदा आहेत, तिचे पुढे सोन्यासारखे पैसे होतील. तुमचं सिरियम या वाळूतून येतं का?

उत्तर: नाही. त्या भरवशावर कुणाला पैसे दिले असतील तर परत मागा.

मांडवीची काळी वाळू आली आहे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातून, म्हणजे बेसाल्टमधून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो दगड झिजला, नद्यांनी खाली आणला, लाटांनी हलकं बाजूला काढून जड तेवढं किनाऱ्यावर ठेवलं. त्यात मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट आहे, लोखंड आणि टायटॅनियमची खनिजं. कागदावर वाळू घेऊन खालून लोहचुंबक फिरवा, काळे कण उभे राहून चालायला लागतील. मुलांना करून दाखवण्यासारखं आहे.

सिरियम ज्यातून येतं ते मोनाझाइट. ते मधासारख्या पिवळसर-तपकिरी कणांत मिळतं आणि ग्रॅनाइट, नाइस अशा जुन्या खडकांतून येतं. आपल्या देशात ते केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर आहे. ते सापडलं कसं, हे काथ्या वळणाऱ्या कोकणी माणसाला नक्की आवडेल. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात अडकलेल्या वाळूत हे पिवळे कण दिसले. तेव्हा युरोपला थोरियम हवं होतं ते मेंटलसाठीच. लगेच पुढच्या वर्षी आजच्या तमिळनाडूतल्या मनवलकुरिची इथे वाळू वेगळी करायचं काम सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळातल्या अलुवाला मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना १९५२ पासून चालू झाला. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्यामुळे ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं. खासगी माणसाने ते काढायचं नाही, विकायचं नाही.

सिरियम आणि त्याच्या भावंडांना दुर्मिळ मृदा म्हणतात, पण "दुर्मिळ" या नावावर जाऊ नका. पृथ्वीच्या कवचात सिरियम साधारण तांब्याइतकं आहे, शिशापेक्षा कितीतरी जास्त. अवघड आहे ते त्याला भावंडांपासून वेगळं करणं. लँथॅनम, प्रेसिओडिमियम, निओडिमियम ही सगळी रसायनांशी इतकी सारखी वागतात की एकाला पकडलं की दुसरं हाताला येतं. १८०३ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस आणि हिसिंगर यांना, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जर्मनीच्या क्लाप्रोथला, सिरियम सापडलं तेव्हा ते खरं म्हणजे अख्खं गाठोडं होतं. १८३९ मध्ये मोसँडरने सिरियम नायट्रेट तापवलं, उरलेल्या भुकटीवर सौम्य नायट्रिक आम्ल ओतलं आणि त्यात जे विरघळून आलं ते नवीन निघालं. त्याला त्याने लँथॅनम म्हटलं, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ "लपून राहणं". सिरियम मागे का राहिलं? तापल्यावर ते तीनवरून चारवर गेलं आणि चारचं ऑक्साइड सौम्य आम्लाला दाद देत नाही. भावंडांपैकी हे इतक्या सहज जमतं ते सिरियमलाच.

प्रश्न, चिपळूणहून: माझी प्रवासी गाडी आहे. सायलेन्सरमधलं कन्व्हर्टर बदलायला सांगितलं, किंमत ऐकून धसका घेतला. त्यात प्लॅटिनम असतं एवढं ठाऊक आहे. सिरियमचं तिथे काय काम?

उत्तर: आमचा कारखाना याच धंद्यात होता, म्हणून जरा आतलं सांगते. गाडीच्या धुरातले विषारी वायू निवळवणारं हे कन्व्हर्टर उघडलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली चिनीमातीची वीट दिसते. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप असतो, त्या लेपात सिरियम आणि झिर्कोनियमचं मिश्र ऑक्साइड, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण. सिरियम आत पोचतं ते नायट्रेटच्या द्रावणातून. मेंटलसारखंच: आधी विरघळवून सगळीकडे पसरवायचं, मग भाजून नायट्रेट उडवून द्यायचं.

तुमचं इंजिन कुंभार्ली घाट चढताना कधी जास्त पेट्रोल मागतं, उतरताना कधी जास्त हवा. धुरात ऑक्सिजन कमी-जास्त होत राहतो. मौल्यवान धातूंना तर कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन लागतोच. हवा जास्त असते तेव्हा सिरियम चारवर जाऊन ऑक्सिजन साठवतं, कमी पडते तेव्हा तीनवर येऊन तो सोडतं. धान्याचं कोठार असतं तसं. इंजिन मिसफायर होत असताना गाडी ओढत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं, वीट भाजून निघते, सिरियमचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि कोठार बंद पडतं. तेव्हा नवीन कन्व्हर्टर बसवण्याआधी प्लग आणि कॉइल तपासून घ्या. नाहीतर नवीनही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न, हर्णैहून: समुद्राकडच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरे फोड आणि खड्डे पडतात. सिरियमच्या क्षाराने ॲल्युमिनियम गंजत नाही असं वाचलं. घरी लावता येईल का?

उत्तर: वाचलंत ते खरं आहे, घरी लावायचं मात्र नाही. खाऱ्या पाण्याचा थेंब ॲल्युमिनियमवर बसला की एका जागी धातू विरघळतो आणि शेजारच्या जागी हवेतला ऑक्सिजन वापरला जाऊन पाणी अल्कधर्मी होतं. पाण्यात सिरियम असेल तर त्या अल्कधर्मी जागेवर त्याचा साका बसतो आणि ती जागा झाकली जाते. मग गंजण्याचं चक्र मंदावतं. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात यावर बरंच काम झालं. विमानाच्या ॲल्युमिनियमवर जे क्रोमेट लावतात ते कर्करोग करणारं आहे, त्याला पर्याय म्हणून सिरियमकडे बघितलं जातं. पण हे काम धातू स्वच्छ करून, आम्लाचं प्रमाण सांभाळून होतं. बसलेल्या खिडकीवर ब्रशने फासून काही होणार नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खिडक्या धुवा, आणि पुढच्या वेळी चांगल्या जाडीचं ॲनोडायझिंग मागून घ्या.

पुन्हा देवगडच्या विद्यार्थ्याला: तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, "उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतलं तर चालेल का?" ती मी मुद्दाम शेवटी ठेवली.

चालणार नाही. हा क्षार नायट्रेट आहे, म्हणजे स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जळायला मदत करतो. आमच्या कारखान्यात एकदा सांडलेलं द्रावण कामगाराने कापसाच्या बोळ्यांनी पुसलं आणि बोळे कोपऱ्यातल्या डब्यात टाकले. चार दिवसांनी, ते कडकडीत वाळल्यावर, शेजारी वेल्डिंगची एक ठिणगी उडाली. डबा असा भडकला की ज्वाळा माणसाच्या डोक्याइतकी वर गेली. त्या कामगाराच्या हातावरचा डाग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सांडलं तर भरपूर पाण्याने ओलं करून पूस आणि फडकं धुतल्याशिवाय कुठे टाकू नकोस. चष्मा लाव, डोळ्यांत गेलं तर मोठी इजा होते. भुसा, कागद, रॉकेल यांच्याजवळ बाटली ठेवू नकोस.

आणि सिंकमधलं पाणी शेवटी पऱ्ह्यातच जातं. उरलेल्या द्रावणात ढवळत ढवळत अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण घाल. फेस येईल, मग दह्यासारखा पांढरा साका बसेल, तो सिरियम कार्बोनेट. वरच्या नितळ पाण्यात बायकार्बोनेटचा आणखी एक थेंब टाकून बघ. गढूळ झालं नाही तर सगळं सिरियम खाली आलं. साका गाळ, धू, वाळव आणि रुंद तोंडाच्या बरणीत भरून नाव-तारीख लिहून ठेव. वरचं पाणी कॉलेजच्या नायट्रेटच्या टाकाऊ कॅनमध्ये जमा कर. कार्बोनेटला पाणी सुटत नाही. पुढच्या वर्षी तुझ्या जागी जो येईल त्याला सौम्य नायट्रिक आम्लात तो विरघळवता येईल, आणि बाटली मागवावी लागणार नाही.